जन्मतः न रडलेली बाळे आणि मेंदूविज्ञानाची नवी वाट



'बाळ जन्मल्यावर रडले नाही, म्हणून पेटीत ठेवावे लागले.' लोणी काळभोर, थेऊर, उरुळी या परिसरातील कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे जाऊन बसावे, हे वाक्य कानी पडतेच. पुढची हकीगत बहुधा एकाच वळणाने जाते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ मान धरीत नाही. घरातील वडीलधारी म्हणतात, 'त्याचा मामाही उशिराच चालला होता.' आठव्या महिन्यात बाळ बसत नाही, तेव्हा थेऊरच्या चिंतामणीला नवस बोलला जातो. वर्ष उलटते. पाय उभे करताच त्यांची कैची पडते, टाचा टेकत नाहीत, मुठी मिटलेल्याच राहतात. मग कोणी तरी पुण्याला नेण्याचा सल्ला देतो आणि तेथे आईवडील प्रथमच तो शब्द ऐकतात : सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात. नवसाला कोणाचाही आक्षेप असण्याचे कारण नाही. त्या एका वर्षात जे निसटते, ते मात्र पुन्हा हाती लागणे कठीण असते.

आज या मुलांच्या संदर्भात एक नवा शब्द पालकांच्या कानावर येऊ लागला आहे. न्यूरोमॉड्युलेशन, म्हणजे चेतासंस्थेचे नियमन. डोक्याला किंवा पाठीला यंत्र लावून, चुंबकाने वा सौम्य विद्युत्प्रवाहाने मेंदूला जाग आणायची, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगितला जातो. त्यात तथ्य किती, आशा किती आणि बाजार किती, हे नीट पाहण्याची वेळ आली आहे. कारण आशेपोटी माणूस शेत गहाण ठेवतो.

आधी व्याधीचे स्वरूप पाहावे. १८६१ साली लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल नावाच्या शल्यविशारदाने प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत एक निबंध वाचला. अडलेली बाळंतपणे, अकाली जन्म आणि जन्मताना गुदमरलेली बाळे यांचा संबंध त्याने पुढे दिसणाऱ्या ताठर हातापायांशी जोडला. लिटल स्वतः एका पायाने अधू होता. जर्मनीत जाऊन त्याने त्या पायावर शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुढे अनेक वर्षे ही व्याधी 'लिटलचा रोग' म्हणूनच ओळखली गेली. १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड याने, मनोविश्लेषणासाठी जगप्रसिद्ध होण्यापूर्वी, या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि लिटलच्या विरुद्ध टोकाचा प्रश्न विचारला : अडलेले बाळंतपण हे कारण की गर्भातच आधी बिघडलेल्या गोष्टीचे लक्षण? पुढील शतकातील अभ्यासांनी फ्रॉइडच्या शंकेला बरेच बळ दिले. जन्मसमयीची घुसमट हे एक कारण आहे, पण बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ते एकमेव नाही. अकाली जन्म, अतिशय कमी वजन, गर्भावस्थेतील संसर्ग, मेंदूच्या रक्तवाहिनीत झालेला अडथळा, मेंदूपर्यंत पोहोचलेली कावीळ, अशी कारणांची गुंतागुंत असते. हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांत अशा बाळाच्या आईलाच आयुष्यभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. गरोदरपणात ती अमुक खात होती, ग्रहणात बाहेर पडली होती, अशी बोलणी तिला ऐकावी लागतात. या आरोपांना वैद्यकशास्त्रात काडीचाही आधार नाही.

मेंदूला इजा एकदाच होते आणि ती वाढत नाही. मग मूल मोठे होताना त्याचे पाय अधिक का आखडतात? स्नायू ताणला गेला की तो आकसावा, ही आज्ञा मज्जारज्जूतूनच निघते. निरोगी मेंदू वरून सतत लगाम लावून ही प्रतिक्रिया आवरतो. इजा झालेल्या मेंदूचा हा लगाम सैल पडतो आणि स्नायू विनाकारण ताठ राहतो. हाड मात्र आपल्या गतीने वाढत असते. ताठ स्नायूला हाडाच्या वाढीबरोबर लांब होता येत नाही. परिणामी सांधा वाकडा होतो, कमरेचा खुबा हळूहळू निसटू लागतो. अकाली जन्मलेल्या बाळांत पायच अधिक का ताठ होतात, याचेही उत्तर शरीररचनेत आहे. मेंदूच्या मध्यभागी द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. पायांकडे जाणारे तंतू त्यांना अगदी लगटून जातात आणि अकाली जन्मलेल्या बाळात इजा होते ती नेमकी याच भागाला.

महाराष्ट्राला व्यायामोपचाराची परंपरा नवी नाही. सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरताना डाव्या हाताला राहणाऱ्या वानवडीत १९४४ साली लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले, ते महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांसाठी. मुंबईत, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. त्या काळी व्यायामोपचार म्हणजे मुख्यतः पोलिओ. जुनी पिढी आजही पाय अधू असलेल्या प्रत्येक मुलाला 'पोलिओ झाला' असे म्हणते. वस्तुतः दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोलिओ मज्जारज्जूतील पेशी मारतो आणि पाय लुळा पडतो. मेंदूच्या पक्षाघातात बहुधा पाय ताठ होतो. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. जगभरात आज बालपणीच्या शारीरिक अपंगत्वाचे सर्वांत मोठे कारण सेरेब्रल पाल्सी हेच आहे; दर हजार जन्मांमागे सुमारे दोन ते तीन मुले, असा अनेक देशांचा अनुभव आहे. पोलिओसाठी आपण घरोघर गेलो, बूथ लावले, डोस पाजले. या मुलांसाठी मात्र अशी लस नाही आणि बूथही नाही.

पुण्याने या क्षेत्रात एक मोलाचे काम केले आहे, त्याचा उल्लेख पुण्यातच क्वचित होतो. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. एक-दोन वर्षे नव्हे, ती मुले अठरा वर्षांची होईपर्यंत. आपल्या देशात घरे बदलतात, पत्ते हरवतात, पालकांचा धीर सुटतो. त्यातून इतक्या दीर्घकाळ मुलांना धरून ठेवणे हे तपश्चर्येहून कमी नाही. बाळ पेटीतून बाहेर आले म्हणजे डॉक्टरांचे काम संपले नाही, हा धडा भारतीय बालवैद्यकाला देणाऱ्या मोजक्या अभ्यासांत त्याची गणना करावी लागेल.

आता यंत्राकडे वळू. विजेने वेदना शमवण्याची कल्पना फार जुनी. रोमन वैद्य डोकेदुखीवर विजेचा मासा कपाळाला लावीत. आजच्या शास्त्राचा आरंभ मात्र १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तारेच्या वेटोळ्यातून क्षणार्धात मोठा प्रवाह सोडला. त्यातून निर्माण झालेले चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत गेले, मेंदूत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न झाला आणि समोर बसलेल्या माणसाचा हात आपोआप हलला. चिरफाड नाही, वेदनाही फारशी नाही. हे स्पंदन वारंवार दिले तर मेंदूचा तो भाग काही काळ अधिक उत्तेजित किंवा अधिक शांत राहतो, असे पुढे आढळले. साधारणतः जलद स्पंदने चेतवतात, संथ स्पंदने शांत करतात. २००० साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांनी अधिक साधा मार्ग दाखवला : मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांमधून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह काही मिनिटे डोक्यावर सोडायचा. अलीकडे, अमेरिकेतील रेगी एजर्टन यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून, पाठीच्या कण्यावर त्वचेवरूनच प्रवाह देऊन मज्जारज्जूला जागे करण्याचे प्रयोग सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवरही सुरू झाले आहेत. ते अद्याप मोजक्याच रुग्णांवर झालेले आहेत.

या साऱ्यात सर्वांत बोलका प्रयोग कॅनडातील कॅल्गरी येथील आहे. डॉ. अ‍ॅडम कर्टन यांच्या गटाने जन्माच्या सुमारास मेंदूत पक्षाघाताचा झटका येऊन शरीराची एक बाजू दुर्बल झालेली ४५ मुले घेतली. वय सहा ते एकोणीस. दोन आठवड्यांचे जणू शिबिरच भरवले. सर्वांना कसून हातांचा सराव. त्यांपैकी काहींचा चांगला हात बांधून ठेवला, म्हणजे दुर्बल हाताला काम करणे भागच पडावे; काहींच्या मेंदूच्या निरोगी बाजूवर संथ चुंबकीय स्पंदने दिली; काहींना दोन्ही; काहींना दोन्ही नाही. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्पंदने, हात बांधणे किंवा दोन्हींची जोड मिळालेल्यांत लक्षणीय सुधारणेची शक्यता सुमारे दुप्पट झाली. येथे एक विचार मनात येतोच : निरोगी बाजूला शांत का करायचे? कारण मेंदूचे दोन गोलार्ध एकमेकांवर सतत दाब ठेवतात. दुबळ्या भावाला बोलू द्यायचे, तर बोलक्या भावाला थोडे गप्प बसवावे लागते.

याच गटाने पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, चुंबकाऐवजी सौम्य विद्युत्प्रवाह वापरून २४ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याचे उत्तर असे सरळ आले नाही. हाताच्या कामाच्या वस्तुनिष्ठ मोजमापात प्रवाह मिळालेली आणि केवळ प्रवाहाचे नाटक झालेली मुले सारखीच सुधारली. स्वतः ठरवलेली उद्दिष्टे कितपत साधली, असे मुलांना आणि पालकांना विचारले तेव्हा मात्र प्रवाह मिळालेल्यांचे समाधान अधिक होते. जाहिरातदार यातला दुसरा भाग तेवढा छापील. पालकांनी पहिला भाग वाचावा : दोन्ही गटांतील मुले सुधारली, कारण दोन्ही गटांनी दोन आठवडे जीव तोडून सराव केला होता.

आपल्या देशातही हे काम झाले आहे आणि ते महानगरांतील पंचतारांकित रुग्णालयांपुरते नाही. शिलाँगच्या ईशान्य पर्वतीय विद्यापीठातील जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभागाच्या दिनेश भाटिया, बबलू लाल रजक आदी संशोधकांनी दिल्लीतील एका पुनर्वसन संस्थेच्या सहकार्याने ताठरपणा असलेल्या मुलांवर चुंबकीय स्पंदनांचे प्रयोग केले. पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. आधी स्पंदने आणि लगेच त्या मागोमाग व्यायामोपचार. ताठरपणा आणि हालचाल यांत सुधारणा दिसल्याचे त्यांनी नोंदवले. रुग्णसंख्या लहान होती, दीर्घकाळाचा मागोवा अजून हवा. पण मेघालयातील विद्यापीठाने हा प्रश्न हाती घ्यावा, ही गोष्ट महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय विद्यापीठांनी मनावर घेण्यासारखी आहे. लोणी काळभोरच्या परिसरात अभियांत्रिकी शिकणारे हजारो विद्यार्थी आहेत; त्यांच्यापैकी थोड्यांना जरी या प्रश्नाची ओढ लागली, तरी स्वस्त, टिकाऊ आणि खेड्यात चालणारी उपकरणे येथेच घडू शकतील.

परदेशात सिद्ध झालेले येथे तसेच लागू पडेल, असे मात्र मानू नये. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर ७२ तास थंड ठेवले तर मेंदू वाचतो, हा पाश्चात्त्य देशांतील मान्य उपचार. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्याची कसोटी घेण्यात आली. मुंबईचे शीव रुग्णालय त्यांत होते. २०२१ मध्ये निकाल आला. मृत्यू किंवा अपंगत्व टळले नाहीच, उलट थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळे दगावली, तर दुसऱ्या गटात ३१ टक्के. आपल्या बाळांना होणारी इजा, तिची वेळ, मातेचे आरोग्य, संसर्ग यांत फरक असावा, असे तज्ज्ञ मानतात. स्वतःची कसोटी स्वतःच्या भूमीत घेण्याला पर्याय नसतो, हे या प्रयोगाने इतक्या वेदनादायक रीतीने दाखवून दिले.

मग यंत्र येईपर्यंत पालकांनी काय करावे? ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी जगभरातील उपचारांची छाननी करून त्यांना सिग्नलच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. हिरव्या रंगात बसलेले उपचार पाहिले की आश्चर्य वाटते. मुलाला स्वतः काही तरी करायला लावणारा सराव, दोन्ही हातांचे काम, घरी पालकांनी रोज करून घ्यायचा कार्यक्रम. मुलाचे ध्येय ठरवायचे, मग त्या ध्येयाचाच सराव करायचा. ताटलीतील घास स्वतः उचलायचा असेल तर घासच उचलायला लावायचा, रबरी चेंडू दाबून नव्हे. उलट मूल निपचित पडलेले आणि दुसरा कोणी त्याचे हातपाय हलवतो आहे, अशा निष्क्रिय पद्धतींचा गुण फारसा दिसला नाही. अतिदाबाच्या प्राणवायूच्या कक्षाला तर लाल दिवा मिळाला.

येथे तेलमालिशीचा विषय काढलाच पाहिजे. अभ्यंग आपल्या संस्कृतीत बाळाच्या पहिल्या दिवसापासून आहे, त्यात आईचा स्पर्श आहे, ऊब आहे, झोप आहे. ते खुशाल करावे. पण मालिशीने मेंदूची वाट तयार होत नाही. ती मुलाच्या स्वतःच्या प्रयत्नाने तयार होते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच हे पालकांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे, नाही तर दोन वर्षे मालिशीत जातात आणि खुबा निसटलेला असतो. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांत खुबा सरकतो. सुरुवातीला तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. ठरावीक काळाने काढलेला साधा एक्स-रे तो दाखवतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांची नियमित तपासणी सुरू झाली आणि निखळलेल्या खुब्यांचे प्रमाण जवळजवळ नाहीसे झाले. एक्स-रेचे यंत्र आपल्याकडे तालुक्याच्या गावी असते. लोणीहून पुणे २० किलोमीटर. हडपसरच्या वाहतुकीतून मूल कडेवर घेऊन आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या आईची पाठ आधी मोडते. म्हणूनच घरी करायचा कार्यक्रम आणि महिन्या-दोन महिन्यांनी तज्ज्ञाची भेट, हा मार्ग आपल्या परिस्थितीत अधिक टिकाऊ ठरतो. अंगणवाडी सेविकेला 'मान धरली का, एकाच हाताने खेळते का, मूठ उघडते का' हे तीन प्रश्न विचारता आले, तरी वर्षभराचा उशीर वाचेल. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा तपासणीची आणि जिल्हा पातळीवरील उपचार केंद्रांची तरतूद आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात व्यायामोपचाराचाही समावेश आहे. किती पालकांना ते ठाऊक आहे?

या मुलांच्या बुद्धीविषयीही आपल्या समाजात मोठा गैरसमज आहे. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे गृहीत धरले जाते. मुंबईच्या डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली कुलाब्यात अवघ्या तीन मुलांना घेऊन शाळा सुरू केली, ती त्यांच्या कन्येला सामावून घेणारी शाळा मिळत नव्हती म्हणून. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले.

राहिला प्रश्न, कोणी पालकांकडे येऊन 'मेंदूला वीज देऊन मूल चालते करतो' असे म्हणाले तर काय विचारावे. मुलाला आकडी येते का, हे त्याने विचारले नाही, तर तेथूनच उठावे. सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना अपस्मार असतो आणि मेंदूला उद्दीपन देताना ती पहिली काळजी असते. उपचार प्रायोगिक आहे असे सांगितले, तर भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदणीचा क्रमांक मागावा; ही नोंदवही २००७ पासून सर्वांना खुली आहे. खऱ्या संशोधनात उपचाराच्या प्रयोगासाठी पालकांकडून पैसे घेतले जात नाहीत. स्टेम सेलच्या नावाने जे चालते त्याबाबतही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे : ठरावीक रक्तविकार वगळता तो मान्य उपचार नव्हे, आणि सेरेब्रल पाल्सी त्या यादीत नाही.

आणखी एक अट त्याच परिषदेने घातली आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. प्रयोगात मूल घ्यायचे असेल तर पालकांची सही पुरेशी नाही. सात वर्षांपुढील मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याची स्वतःची अनुमती घ्यावी लागते. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यापुढे चित्रांचा तक्ता धरायचा, 'हो' साठी वर आणि 'नाही' साठी बाजूला पाहायला सांगायचे, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. असे उत्तर यायला कधी कधी पाच मिनिटे लागतात.